ट्रेनर म्हणतो पेप्टाइड घ्या. घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४४, राहायला मुलुंड, नोकरी लोअर परळला. चार महिने उजवा खांदा धरलाय. जिममधल्या ट्रेनरनं सांगितलं, "बीपीसीचा कोर्स करा सर, महिन्याभरात मोकळे व्हाल," आणि कुठून मागवायचं तो व्हॉट्सअ‍ॅप नंबरही दिला. बीपीसी म्हणजे बीपीसी-१५७, सुईनं टोचायचं एक पेप्टाइड. घरी मिसेस सहा महिने कोलाजेनची पावडर घेताहेत, तेही पेप्टाइडच, त्यांना काही झालं नाही, मग तुम्हाला काय होणार? आणि शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहाव्यात तशा दोन ओळी : साखर बॉर्डरवर, एचबीए१सी (म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले, निदान झालं तेव्हा ५६ वर्षांचे होते.

दादरला दवाखाना सुरू करून मला २७ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक नक्की बघितलंय : मुद्द्याची गोष्ट पेशंट खुर्चीतून उठून दाराला हात लावल्यावर सांगतो. "आणि हो मॅडम, एक राहिलंच..." तुमच्या प्रश्नातही तसंच झालंय. त्या शेवटच्या दोन ओळींकडे मी येणारच आहे.

उत्तर हवंय ना, तर आधी उत्तर घ्या. मिसेसची पावडर बहुधा निरुपद्रवी आहे, आणि फायदाही जेमतेम. तुम्हाला सुचवलेलं इंजेक्शन घेऊ नका. आता का ते सांगते.

पेप्टाइड सेफ आहे का, हा प्रश्न "अळंबी खाल्लेली चालते का" असं विचारण्यासारखा आहे. पावसाळ्यात कोकणात कुणालाही हे विचारा, पहिला उलट प्रश्न येईल : कुठली? पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, यापलीकडे त्या शब्दाला अर्थ नाही. आपण वरण-भात खातो तेव्हा डाळीतल्या प्रथिनांचे आतड्यात पेप्टाइडच होतात. इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. वजन उतरवण्यासाठी सध्या ज्याच्या नावानं मला दिवसाआड फोन येतो ते सेमाग्लुटाइड ३१ चं. गोरं व्हायला ड्रिपमधून चढवतात ते ग्लुटाथायोन फक्त तीनचं. तुमच्या ट्रेनरचं बीपीसी-१५७ पंधराचं. आडनाव एक, पण घरं वेगळी, धंदे वेगळे. त्यामुळे मिसेसना काही झालं नाही यावरून तुमचं काहीच ठरत नाही.

मी पेशंटला पहिलं विचारते, आत जातंय कुठल्या दारानं? तोंडावाटे की सुईवाटे?

तोंडावाटे गेलेल्या पेप्टाइडला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन, मग स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन, अशा सगळ्या पाचक रसांच्या हाताखालून जावं लागतं. आपल्या सोसायटीच्या गेटवर नाव, फ्लॅट नंबर, सही, मग इंटरकॉमवर विचारणा, तसंच. बहुतेक पेप्टाइडं गेटवरच तुकडे होऊन संपतात. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी डायबिटीसवाल्यांची सुई सुटली नाही ती याच कारणानं. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली आहे, पण तिचा थाट बघा. सोबत खास मदतनीस रसायन, उपाशीपोटी घ्यायची, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त पाणी नाही, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. आणि एवढं करून रक्तात पोचतं जेमतेम एक टक्का. गोळी रोज १४ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ९८. आणि तेच औषध सुईनं दिलं तर आठवड्याला १ मिलिग्रॅममध्ये काम भागतं. गेट केवढं कडक आहे ते यावरून कळावं.

याचे दोन अर्थ निघतात. पोटातून घेतलेलं साधं पेप्टाइड फारसं बाधत नाही, कारण त्याची डाळच होते. आणि त्याच कारणानं त्याचा फार मोठा गुणही येत नाही. सुईनं घेतलेलं मात्र गेट टाळून मागच्या भिंतीवरून थेट घरात उतरतं. सोबत काय काय घेऊन उतरतं, हे बघायला तिथे कुणी नसतं.

कोलाजेनचं थोडक्यात सांगते. जनावरांची कातडी, हाडं किंवा माशाची कातडी घेऊन त्यातलं कोलाजेन बारीक तोडलेलं असतं. त्याचे दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे आतड्यातून तसेच रक्तात जातात, हे खरं आहे. रोज अडीच ते दहा ग्रॅम, दोन-तीन महिने, अशा चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि ताण थोडा सुधारल्याचं दिसलंय. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना पावडर विकणाऱ्यांचेच पैसे आहेत, आणि तशा चाचण्या बाजूला काढल्या की फायदा विरत जातो. गुडघ्याचंही तेच. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणून दिवसभराच्या प्रोटीनमध्ये ते धरू नका. त्या पैशांत दोन अंडी, वाटीभर उसळ आणि ताक सहज येतं. मिसेसना माशांची अ‍ॅलर्जी नसेल, किडनीच्या कारणानं प्रोटीन मोजून खायला सांगितलं नसेल, तर घेऊ देत बापड्या. आरशात बघून बरं वाटत असेल तर त्यात मी बोट घालणार नाही.

एक मात्र डबा हातात घेऊन बघा. माझ्या एक पेशंट आहेत, गिरगावच्या, घरात कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. केस गळतात म्हणून आठ महिने "ब्यूटी पावडर" घेत होत्या. रक्ताच्या रिपोर्टबरोबर डबाही आणा म्हटलं, आणला. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा चौकोन आणि त्यात तपकिरी त्रिकोण. मांसाहाराची खूण. पूर्वी तपकिरी ठिपका असायचा, आता त्रिकोण असतो, आणि तो त्यांना माहीत नव्हता. साहित्याच्या ओळीत "मरीन" लिहिलेलं. मी म्हटलं, माशाच्या कातडीचं आहे हो हे. त्या काही बोलल्या नाहीत, डबा टेबलावरच सोडून गेल्या. "प्लांट कोलाजेन" म्हणून विकतात तेही वाचून घ्या. वनस्पतीत कोलाजेन नसतंच. त्या डब्यात क जीवनसत्त्व, आवळा, कसलेसे अर्क असतात. वाईट नाही, पण नाव खोटं.

त्याच लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असला पाहिजे, तो त्यांच्या फॉसकॉस या साइटवर टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. "हेल्थ सप्लिमेंट" आणि "औषधी वापरासाठी नाही" हे शब्द कायद्यानं छापावेच लागतात. ज्या डब्यावर ते नाहीत आणि उलट "सांधेदुखी बरी होते" असा दावा आहे, तो घेऊ नका. लेबलवर आंधळा विश्वास टाका असंही म्हणत नाही. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी आपल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून निकाल छापले, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा बरोबर नव्हता आणि काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं. तरी लायसन्सवाल्या डब्याची तक्रार करायला एक पत्ता तरी असतो.

आता सुई. इथेच घोडं पेंड खातं.

गेल्या पावसाळ्यात एक ३८ वर्षांचे गृहस्थ आले, अकाउंटंट. तीन आठवड्यांत चार-पाच वेळा थंडी वाजून ताप, तीन-चार तासांत घाम येऊन उतरायचा. जुलै महिना, मुंबई. कुणीही म्हणेल मलेरिया. त्यांनी बाहेर दोनदा रक्त तपासलं होतं, दोन्ही वेळा निगेटिव्ह. डेंग्यू नाही, लघवी साफ. मी तापाच्या तारखा कागदावर मांडल्या, तर सगळे ताप सोमवार, बुधवार, शुक्रवारचे, रात्री नऊनंतर. डास काही वार बघून चावत नाहीत. "या तीन दिवशी रात्री काय करता?" तर जिम. "जिमनंतर?" मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, ते एक पेप्टाइड घेतो."

दुसऱ्या दिवशी घेऊन आले. ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत बर्फाची थैली, तिच्यावर स्टीलचा चपटा डबा, आत रुमालात गुंडाळलेली बोटभर काचेची कुपी. रबरी बूच, वर अ‍ॅल्युमिनियमची रिंग, तळाला पावडर विरघळवून केलेलं थोडंसं पाणी. चिकटवलेल्या कागदावर नाव, "५ मिलिग्रॅम", आणि खाली बारीक अक्षरांत "फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही". बनवणाऱ्याचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, एक्स्पायरी नाही. सिरिंज मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली, लाल टोपणाची.

ते लाल टोपण बघून मी खुर्ची पुढे ओढली. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हिशोब असा होता : कुपीत २ मिलिलिटर पाणी घाला आणि इन्शुलिनच्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरा, २५० मायक्रोग्रॅम होतात. ५ मिलिग्रॅम दोन मिलिलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरला २५०० मायक्रोग्रॅम. हा हिशोब यू-१०० सिरिंजचा, जिच्यावर १०० खुणा म्हणजे एक मिलिलिटर, आणि १० खुणा म्हणजे ०.१. आपल्याकडे यू-४० ही सिरिंजही सर्रास मिळते, कारण आपल्याकडे ४० युनिटच्या इन्शुलिनच्या बाटल्या अजून चालतात. लाल टोपण यू-४० चं, केशरी यू-१०० चं. यू-४० वर ४० खुणा म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे १० खुणा म्हणजे पाव मिलिलिटर. म्हणजे २५० च्या जागी ६२५ मायक्रोग्रॅम. अडीचपट. पेशानं अकाउंटंट माणूस, प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे मी केलेली बेरीज बघून म्हणाला, "म्हणजे तीन आठवडे बॅलन्स शीटच चुकली." डायबिटीसच्या पेशंटना सिरिंजच्या टोपणाचा रंग आम्ही पहिल्या दिवशी दाखवून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारा कशाला दाखवेल?

ताप बहुधा डोसमुळे नव्हताच. माझा संशय एंडोटॉक्सिनवर. काही जीवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे मागे राहतात, आणि ते रक्तात गेले की तासा-दोन तासांत हुडहुडी भरून ताप येतो. सलाइन आणि इन्शुलिन बनवणाऱ्यांना प्रत्येक बॅचमागे याची तपासणी करावीच लागते. कुपी बंद केली, ताप बंद झाला. पुन्हा टोचून बघायची हौस आम्हा दोघांनाही नव्हती.

त्यांनी मोबाइलवर एक सर्टिफिकेटही दाखवलं, "९९ टक्के शुद्ध". तुम्हालाही तसलंच पीडीएफ येईल, म्हणून त्याचा अर्थ सांगून ठेवते. तो आकडा एवढंच सांगतो की पावडरीत जे पेप्टाइड सापडलं, त्यातलं इतकं हवं ते आहे. कुपी निर्जंतुक आहे का, एंडोटॉक्सिन किती, ५ मिलिग्रॅम लिहिलंय तर खरोखर तेवढं आहे का, हे त्यात नाही. आणि त्यावरचा बॅच नंबर कुपीवरच्या नंबराशी जुळवायला गेलो, तर कुपीवर नंबरच नव्हता. ही पेप्टाइडं थंडाव्यात ठेवायची असतात. मे महिन्यात डिलिव्हरी बॉयच्या बॅगेत अंधेरी ते मुलुंड फिरलेल्या कुपीचं आत काय होत असेल, ते तुम्हीच बघा.

कायद्याच्या भाषेतही हे सप्लिमेंट नाही. आपल्याकडे सप्लिमेंट म्हणजे अन्न, ते तोंडानं खायचं. सुईनं टोचायचं ते औषध, आणि त्याला १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली लायसन्स लागतं. "संशोधनासाठी" हा शिक्का म्हणजे विकणाऱ्यानं आधीच हात वर केले. उद्या काही झालं तर तो म्हणणार, आम्ही तर लिहिलं होतं.

बीपीसी-१५७ वर संशोधन झालंय, नाही असं नाही. उंदरांच्या तुटलेल्या स्नायुबंधांवर, जठराच्या जखमांवर बरेच प्रयोग आहेत, त्यातला मोठा भाग क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एकाच गटाचा. माणसांवरचं काम अगदी थोडक्या लोकांवरचं, तेही नीट तुलना न करता. औषध म्हणून त्याला ना आपल्याकडे परवानगी आहे, ना अमेरिकेत. २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत ते टाकलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे वाडानं, २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे. तुमच्या जिममध्ये राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणारी पोरं असतील तर त्यांना हे सांगा. "ट्रेनरनं दिलं" या उत्तरानं नाडाच्या, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चौकशीत कुणी सुटत नाही.

मी सुयांच्या विरोधात आहे असं समजू नका. माझं निम्मं प्रिस्क्रिप्शन पेप्टाइडांचं असतं. इन्शुलिन आहे, हाडं ठिसूळ झालेल्या आजींसाठी टेरिपॅराटाइड आहे, साखरेसाठी आणि वजनासाठी मार्च २०२५ पासून आपल्याकडे मिळणारं टिर्झेपॅटाइड आहे. त्यांनाही धोके आहेत. मळमळ, पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर सेमाग्लुटाइड-टिर्झेपॅटाइड द्यायचंच नाही. पण हे मला माहीत आहे ते हजारो माणसांवर चाचण्या झाल्या आणि कुणीतरी सही करून आकडे छापले म्हणून. त्या आकड्यांवर मी समोरच्या माणसाला हो किंवा नाही म्हणू शकते. त्या कुपीबाबतीत माझ्याकडे हो म्हणायलाही काही नाही आणि डोस सांगायलाही काही नाही. चोरून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, निम्म्या किमतीत मिळणाऱ्या वजनाच्या इंजेक्शनांनाही हेच लागू. नाव ओळखीचं असलं तरी कुपी ओळखीची नसते.

लग्नसराई जवळ आली की ग्लुटाथायोनची विचारणा वाढते, म्हणून तेही सांगून टाकते. "ब्राइडल ग्लो"च्या नावाखाली पार्लरमध्ये, ब्यूटी क्लिनिकमध्ये ड्रिप लावतात. त्वचा उजळण्यासाठी शिरेतून ग्लुटाथायोन देऊ नका, असा इशारा फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं दिलेला आहे, आणि तिथे हा धंदा आपल्यापेक्षा जुना. किडनी, थायरॉइड, अंगावर फोड येऊन साल निघण्यापर्यंतची रिअ‍ॅक्शन, असे धोके त्यांनी मोजलेत. पार्लरमध्ये घसा सुजून श्वास अडकला तर अ‍ॅड्रेनलिन कोण देणार? नवरी मुलीच्या आईला मी एवढंच विचारते.

आता तुमच्या त्या दोन ओळी.

बीपीसीचा जो गुण सांगतात त्यातला मोठा भाग असा की त्यानं जखमेकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. प्राण्यांत ते दिसलंय. पण रक्तवाहिन्या फुटणं हे गाठीलाही हवंच असतं. कॅन्सरची काही औषधं नेमक्या त्याच वाटेवर अडसर घालतात. बीपीसीनं माणसाला कॅन्सर होतो असं कुणी दाखवलेलं नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण ज्याच्या वडिलांना ५६ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला, त्यानं स्वतःचं आतडं बघून न घेता असलं काही टोचावं, हे मला पटत नाही. आणि इथे पेप्टाइडचा विषय क्षणभर सोडा. सख्ख्या नात्यात साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर चाळिशीपासून कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, करायला सांगतात, किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर ते. तुमच्या बाबतीत ४०. तुम्ही ४४ चे. चार वर्षं उशीर झालाय, आणि हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पिणं हाच त्यातला खरा त्रास. तपासणी झोपेच्या इंजेक्शनखाली पाऊण तासात होते, आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, दिसला तर तिथल्या तिथे काढतात. भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही सांगा.

साखरेचं असं की बीपीसीपाशी ट्रेनर थांबणार नाही. पुढच्या महिन्यात इपामोरेलिन, सीजेसी-१२९५ अशी नावं येतील, "झोप छान लागते, चरबी जळते" म्हणून. ती मेंदूतल्या ग्रंथीला जास्त ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावतात. ग्रोथ हॉर्मोन इन्शुलिनचं काम अडवतं. ६.१ म्हणजे तुम्ही ५.७ ते ६.४ या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आहात, ६.५ ला डायबिटीसचा शिक्का बसतो. त्या उंबरठ्यावर उभ्या माणसाला मागून धक्का द्यायची गरज नाही.

कुपी मागवून झाली असेल, एक-दोन टोचूनही झाली असतील, तर मला राग येणार नाही, पण लपवू नका. कुपी फेकून देऊ नका, लेबलचा आणि सिरिंजचा फोटो काढा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. टोचलेली जागा लाल, गरम, ठणकणारी झाली किंवा ताप दुसऱ्या दिवशीही राहिला तर वाट बघू नका. धाप लागली, ओठ-जीभ सुजली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. मित्राबरोबर कुपी वाटून घेऊ नका, सुई बदलली तरी नाही. एकदा वापरलेली सिरिंज कुपीत गेली की पुढच्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर स्वतः पेशंटलाही करता येते. परवाना नसलेल्या विक्रीबद्दल राज्याच्या एफडीएकडे तक्रार करता येते, त्यांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या अकाउंटंटनी केली नाही. जिम जवळची आहे म्हणाले.

राहिला खांदा, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. न तपासता निदान करायचं नसतं, पण चाळिशी, साखर बॉर्डरवर, चार महिने दुखणं, हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं फ्रोझन शोल्डरचं. साखरेच्या लोकांत तो कितीतरी जास्त दिसतो. सांध्याचं आवरण आखडतं. आधी रात्रीची झोप उडवणारं दुखणं, मग दुखणं कमी पण हात अडकलेला, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. लोकलमध्ये उजव्या हातानं वरची कडी धरता येते का? मागच्या खिशातलं पाकीट काढताना जीव जातो का? जिममध्ये वजन वाढवून तो सैल होत नाही, उलट चिडतो. तसं असेल तर उपाय कंटाळवाणे आहेत : नीट शिकलेला फिजिओथेरपिस्ट, रोजचे व्यायाम, शेक, आणि लवकर पकडला तर सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, ज्यानंतर काही दिवस साखर चढते म्हणून आधी सांगून ठेवायचं. तेही इंजेक्शनच, पण त्यावर बॅच नंबर असतो आणि देणाऱ्याची सही. आणि खांदा न हलवताही, नुसते दादरचे जिने चढताना दुखत असेल, सोबत छातीत दडपण किंवा घाम येत असेल, तर खांद्याचं नाव विसरा आणि त्याच दिवशी ईसीजी काढा.

घरी एक बघता येईल. आरशासमोर उभे राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, अंगठे वर. आता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडतात तसे. डावा उघडला आणि उजवा मध्येच अडला, तर मिसेसना सांगा की उजवा पंजा हलक्या हातानं आणखी बाहेर नेऊन बघा. त्यांनाही तो नेता आला नाही तर गोष्ट स्नायूची नाही, सांध्याची आहे, आणि हाडांच्या डॉक्टरांना जाऊन हेच शब्द सांगा. कोपर मात्र बरगडीपासून सुटू देऊ नका. ते सुटलं की पंजा उघडल्यासारखा वाटतो आणि सगळी तपासणी फुकट जाते.